सत्त्याऐंशी पट लहान

घराच्या मागे आगगाडी घालायची म्हटलं की लोकांना वाटतं पहिला प्रश्न जागेचा असेल. तसं नसतं. पहिला प्रश्न असतो, खरी गाडी किती पट लहान करायची. या नादाला लागलेले लोक त्याला स्केल म्हणतात आणि त्यावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात. सत्त्याऐंशी पट लहान केली तर मालडब्याची उंची चार सेंटिमीटर भरते. पंचेचाळीस पट केली तर आठ, आणि साडेबावीस पट केली तर सोळा. हे आकडे मला आजही झोपेतून उठवून विचारले तर सांगता येतील. बायकोच्या गोळ्यांची नावं मात्र मला तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय सांगता येत नव्हती. याची लाज मला आता वाटते. वाटायला हवी होती तेव्हा वाटली नाही.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली. डहाणू रोड आणि घोलवड या दोन स्टेशनांतच सगळी वर्षं गेली. त्या काळी चिकूच्या करंड्या गाडीने उत्तरेकडे जात. गाडी जेमतेम काही मिनिटं थांबायची आणि तेवढ्यात ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीच्या टोकाचा सामानाचा डबा, भरायची. मोठ्या करंड्या खाली, मधल्या त्याच्यावर, लहान सगळ्यात वर. उलट केलं की वरच्या वजनाने खालचा माल चेचतो आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याची तक्रार येते. ही शिस्त माझ्या अंगात इतकी मुरली की घरी धुतलेली भांडीसुद्धा मी मोठ्या पातेल्यापासून वाटीपर्यंत ओळीने लावायचो. बायको हसायची. म्हणायची, घरात आलात तरी तुमची व्हॅन भरणं काही संपत नाही.

तिचं माहेर घोलवडचं. तिच्या वडिलांची तिथे चिकूची वाडी होती, आणि लग्न होऊन ती डहाणूजवळ आमच्या सरावलीला आली तरी हंगामात माल निवडायला रोज जायची. घोलवड डहाणू रोडच्या पुढचंच स्टेशन. पन्नास बायका ढिगाभोवती बसून चिकू निवडायच्या आणि तिच्या हाताला कुणाची सर नव्हती. चिकू तळहातावर घेतला न घेतला की तो आपल्या ढिगात पडलेला असे. एक नंबर मोठा, दोन नंबर मधला, तीन नंबर बारका. बघायची गरज तिला लागत नसे. बोलता बोलता, कधी मागे वळून कुणाला हाक मारता मारता हात चालूच असायचा.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वलसाडला नेऊन पट्टी बसवली, पण तिला वीस वर्षांची साखर. जखम भरेना, उठवलं की चक्कर येई. त्यातच तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरत असल्याचं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. एक घेतलं. त्या दिवशी वलसाडहून परत येताना मोटारीच्या प्रत्येक धक्क्याला ती माझा दंड आवळत होती. पुढच्या महिन्यात मी तारखेचं विचारलं तर म्हणाली, आता बरंच साफ दिसतंय, कशाला उगाच. मी हो म्हटलं. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

तिची खाट मागच्या खोलीत खिडकीला लावली. खिडकीबाहेर आमचं छोटंसं परसदार, त्यात चिकूची पाच झाडं, आणि त्यातलं एक अगदी समोर. तिची सेवा करायला झरीच्या एका पाड्यावरची बाई ठेवली होती. सोमवारी सकाळी ती यायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी जायची. रविवारी वापीहून आमची मुलगी यायची. म्हणजे अंघोळ, जेवण भरवणं, कूस बदलणं, सगळं कुणी ना कुणी करत होतं. मला करण्यासारखं राहिलं होतं ते एकच, तिच्याजवळ बसणं. आणि तेच मला होत नव्हतं.

हे मी स्पष्टच लिहितो. त्या खोलीत मला बसवत नसे. औषधाचा आणि लघवीचा वास, तिचे काडीसारखे झालेले पाय, छताकडे लागलेली तिची नजर. दहा मिनिटांत माझा जीव गुदमरायचा. मग मला पाण्याची मोटर आठवायची, नाहीतर दूधवाला. काहीच नसलं तर मी उगाच कुंपणाची तार ताणून बघायचो. बायकोने हे पाहिलं नसेल असं होणारच नाही.

एक दिवस ती म्हणाली, “दिवस जात नाही हो.”

ती एवढंच म्हणाली. आणि मी, ज्याला तीस-बत्तीस वर्षं प्रत्येक अडचणीवर गाडी हेच उत्तर ठाऊक होतं, त्याच आठवड्यात ठरवलं की खिडकीसमोर झाडाभोवती छोटी आगगाडी घालायची. पडल्या पडल्या तिला काहीतरी हलतं, फिरतं बघायला मिळेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

मुलीला कल्पना आवडली. तिने फोनवर शोधून शोधून मला परदेशातल्या लोकांची परसदारं दाखवली. कुणाच्या टोमॅटोच्या वाफ्यातून गाडी जात होती, कुणाच्या डबक्यावरून पूल होता. तिने हेही दाखवलं की घराबाहेर गाडी घालणारे बहुतेक सगळे मोठं स्केल घेतात, साडेबावीस पट किंवा त्याच्या आसपास. बाहेर धूळ असते, पानं पडतात, मुंग्या असतात. मोठी गाडी हे सगळं ढकलून पुढे जाते. लहान गाडीला वाळूचा एक कणसुद्धा दरडीसारखा. “बाबा, मोठीच घ्या. आईलासुद्धा नीट दिसेल,” असं तिने मला दोन-तीनदा सांगितलं.

पण मला मोठी नको होती. कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगतो. झाडाच्या आळ्याचा काठ, म्हणजे पाणी साचवायला बुंध्याभोवती घातलेला मातीचा गोल बांध, पाच फूट त्रिज्येचा होता. त्या बांधावरच रूळ घालायचे, हे माझं पक्कं होतं. आयता गोल मिळत होता आणि झाडाला धक्का लागणार नव्हता. आता साडेबावीस पट लहान गाडी घेतली तर त्या गोलावर एक इंजिन आणि दोन डबे, बस. पण सत्त्याऐंशी पट लहान घेतली तर माझं अख्खं घोलवड तिथे मावत होतं. पार्सलचा फलाट, मालाची शेड, मालडबे उभे करायची बाजूची सायडिंग, फलाटावरचा वजनकाटा, रांगेने रचलेल्या करंड्या. मी रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर आणत होतो. हौस माझी होती आणि निमित्त तिचं.

मुलगी आईच्या दिसण्याचा मुद्दा सोडेना. तेव्हा मी म्हटलं की वाद कशाला, परीक्षाच घेऊ. खाटेपासून आळ्याच्या काठापर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं, बावीस फूट भरलं. तीन वस्तू घेतल्या. सोळा सेंटिमीटरचा नारळ म्हणजे साडेबावीस पट लहान डब्याची उंची. आठ सेंटिमीटरचा टपोरा एक नंबर चिकू म्हणजे पंचेचाळीस पट. आणि चार सेंटिमीटरचा बारका तीन नंबर चिकू म्हणजे सत्त्याऐंशी पट. तिला तीन नंबरचा चिकू ओळखता आला तर तिला त्या उंचीचा डबा दिसेल, सरळ हिशेब. जिने जन्मभर चिकूच निवडले तिच्यासाठी याहून चांगली परीक्षा कोणती असणार? स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की वापीला फोन करून मुलीला आधीच सांगून टाकलं.

नारळ व्हरांड्यातल्या ढिगातून काढला, चिकू टोपलीतून निवडून घेतले आणि बांधावर जाऊन उभा राहिलो. बाईने तिला उशीवर उंच केलं. मी हात वर करून विचारलं, हातात काय आहे सांग.

“नारळ,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा हात वर केला. थोडं थांबून ती म्हणाली की एक नंबर. तिसऱ्यांदा म्हणाली, “तीन नंबर. असला माल कुणी घेतं का?” आणि हसली. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. बाई खिडकीत उभी होती. ती हसली नाही, हे मला दिसलं होतं. पण पाड्यावरची माणसं अशीच अबोल, असं म्हणून मी सोडून दिलं.

मी पडलो शिस्तीचा माणूस, म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा घेतली. पुन्हा नारळ, मग एक नंबर, मग तीन नंबर. पुन्हा तिन्ही बरोबर. मुलीला कळवलं की आईची नजर तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. मुलगी म्हणाली, मग घ्या तुम्हाला पाहिजे ती. सत्त्याऐंशी पट ठरलं.

पुढचे महिने माझे फार चांगले गेले. असं लिहिताना हात अडखळतो, पण ते खरं आहे. तलासरीहून विटा आणल्या, बांधावर गुडघाभर उंचीचा चौथरा बांधला, म्हणजे गाडी खाटेवरून खिडकीच्या सरळ रेषेत येईल. मुंबईहून रूळ मागवले. रुळांमधलं अंतर आपल्या मोठ्या लाइनीच्या हिशेबाने तीन मिलिमीटर कमी भरत होतं. त्यावर मी आठवडाभर चिडचिड केली, दुकानदाराशी फोनवर भांडलो, आणि शेवटी तसंच घेतलं. डब्यांना जुना तपकिरी लाल रंग दिला. काडेपेटीच्या काड्या चिरून करंड्या विणल्या, एकेक नखाएवढी. मोठ्या, मधल्या, लहान. त्या शेडमध्ये रचताना मी भिंगातून बघत असे आणि दुपारची संध्याकाळ कधी झाली ते कळत नसे.

खिडकी माझ्यापासून बावीस फुटांवर होती. तिच्यात बायकोचा चेहरा दिसायचा. मी अधूनमधून हात करायचो. ती कधी हात करायची, कधी नाही. मला वाटायचं, डोळा लागला असेल. बाई तिला घास भरवताना दिसायची. मला वाटायचं, हातात ताकद राहिली नाही. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. मुलगी रविवारी आली की मायलेकी हातात हात घेऊन बोलत बसत, आणि आवाज येईल तिकडे बायको तोंड करायची. मला वाटायचं, त्यात काय, जो बोलतो त्याच्याकडे सगळेच बघतात.

बाईने एकदा मला सांगायचा प्रयत्न केला होता. होळीनंतरची गोष्ट. मी चौथऱ्यावर वाकून सांधा बसवत होतो. ती चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, “बाबा, जरा आत बसत जावा. आईंला बरं वाटंल.” मी म्हटलं, तिच्यासाठीच तर हे चाललंय.  ती कप रिकामा होईपर्यंत थांबली आणि घेऊन गेली.

मे महिन्यात एका रविवारी गाडी चालली. मुलगी खाटेवर आईला टेकून बसली होती. मी बटण फिरवलं, इंजिनाने सहा डबे ओढले, फलाट सोडला, झाडाला वळसा घातला आणि गाडी खिडकीसमोरून परत आली. बायको आतून बोलत होती. सुटली. गेली झाडामागे. आता आली बघ. मुलीने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण जन्मात कुणासाठी काही केलं असेल तर हेच, असं मला त्या घटकेला वाटलं.

मग रोज दुपारी चारला गाडी सोडायची, असा मी नियम केला. मी बाहेर, ती आत. ती आतून सांगायची, सुटली, वळली, आली. मला त्यात वेळापत्रक पाळल्याचं समाधान मिळायचं.

आठवडाभर असं चाललं असेल. एका दुपारी गाडी फिरत असताना वरून वटवाघळांनी अर्धवट खाल्लेला चिकू पडला, तो नेमका झाडामागच्या वळणावर. इंजिन त्याला धडकून आडवं झालं, डबे एकावर एक चढून खाली मातीत गेले. इंजिनाची चाकं हवेत फिरत राहिली आणि त्यांची घरघर चालूच होती. मी बटण बंद करायला वळलो, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“आली बघा. काय झोकात वळली.”

मी तिथेच उभा राहिलो. घरघर चालू होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, फलाटाला लागली का? मी हो म्हटलं. माझ्या तोंडून हो कसं गेलं मला कळलं नाही. बटण बंद केलं. मग मी चौथऱ्याला वळसा घालून खिडकीच्या बाजूला आलो, परीक्षेच्या दिवशी जिथे उभा होतो बरोबर तिथे. हात वर केला. हात रिकामा होता.

“हातात काय आहे सांग,” मी विचारलं.

ती जरा थांबली. ऐकत असावी.

“नारळ,” ती म्हणाली.

मी दोन्ही हात खाली घेतले. बाई खिडकीत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. आमच्या घरात हे माहीत नसलेला मीच एकटा होतो, आणि रविवारपुरती येणारी मुलगी.

आत गेलो. खाटेच्या कडेला बसलो. बायकोने आवाजावरून ओळखलं असावं की काहीतरी बिघडलंय. मी तिला राग आल्यासारखं विचारलं की तुला किती दिसतं. राग माझा मलाच आला होता, पण तोंडातून निघताना तो तिच्यावर निघाला. ती म्हणाली, उजेड आणि सावली तेवढी कळते. दिवाळीच्या आधीपासून तेवढंच आहे. मी विचारलं, मग चिकू कसे ओळखलेस? दोन्ही दिवस तिन्ही बरोबर?

“तुम्ही मोठ्यापासूनच सुरुवात करता,” ती म्हणाली. “नेहमी. ढिगातला नारळ काढल्याचा आवाज आला. मग टोपली वाजली. दुसरं काय असणार?”

मला उलटसुलट करून विचारायचं सुचलंच नव्हतं. आधी तीन नंबर, मग नारळ, एवढं केलं असतं तरी पुरे होतं. ती मला ओळखत होती आणि मी तिच्या नजरेचं माप घेत होतो.

मी विचारलं, खोटं का बोललीस?  तिने सावकाश सांगितलं. खरं बोलले असते तर तुम्ही पुन्हा वलसाडला नेलं असतं. तो रस्ता मला सोसत नव्हता. सुई एकवेळ चालली असती, रस्ता नको होता. आणि दुसरं असं की त्या दिवशी तुमचा आवाज इतक्या दिवसांनी चांगला लागला होता. म्हटलं, माणसाला काहीतरी हाताला मिळालंय, मिळू दे.

मला रडू फुटलं. साठी उलटून गेलेला माणूस मी, बाईच्या देखत हमसून हमसून रडलो. मग सावरल्यावर माझ्या डोक्यात पुन्हा गाडीच आली. माझा स्वभावच तो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, ही काढून टाकतो, मोठी आणतो. साडेबावीस पटवाली. डबा हातभर लांब असतो, तुला मांडीवर घेऊन चाचपता येईल. तिचा आवाजही मोठा असतो. तुला नीट ऐकू येईल.

“गाडी राहू दे,” ती म्हणाली. “तुम्ही आत बसा. किती महिने झाले, तुम्ही खिडकीच्या पलीकडेच आहात.”

दुसऱ्या दिवसापासून मी आत बसू लागलो. खाटेजवळ लाकडी खुर्ची ओढून घेतली. पहिले दिवस फार जड गेले. काय बोलावं ते सुचेना. चाळीस वर्षं संसार केला, पण आमचं बोलणं कायम कामाचं. भाजी काय, गाडी किती वाजता, मुलीचा फोन आला का. बोलणं संपलं की मी गप्प बसायचो आणि मग ती विचारायची, “आहात का?” मी म्हणायचो, आहे. तिला दिसत नव्हतं, तेव्हा मी गप्प झालो की तिच्यासाठी मी खोलीत नसायचोच. दिवसातून पन्नास वेळा ती विचारायची. कधी कधी मला वैताग यायचा. एकदा मी तुटकपणे म्हटलंसुद्धा, आहे म्हटलं ना. त्यावर ती म्हणाली, बरं.

हळूहळू मला ती खोली सोसू लागली. वासाची सवय झाली. बाईने मला घास भरवायला शिकवलं. भात किती मऊ कालवायचा, घास कुठल्या गालाकडे द्यायचा, मध्ये पाणी कधी पाजायचं. गोळ्यांची नावं पाठ झाली. बायको जुन्या गोष्टी काढायची, वाडीतल्या बायकांच्या, कुणी कुणाला काय टोमणा मारला त्याच्या. मला त्या बायका आठवत नव्हत्या, तरी मी हुं हुं करायचो. आता दिवस जात होते. तिचे जात होते की माझे, हे मी तिला विचारलं नाही. तिच्या पायांवर सूज चढायला लागली होती आणि डॉक्टर घरी येऊन बघून जाताना माझ्याशी फाटकापाशी हळू आवाजात बोलायचे.

महिना झाला असेल. जून लागला होता आणि हवेत घामट उकाडा होता. त्या दुपारी तिने दोन घास खाल्ले, तिसरा नको म्हणाली, आणि तिचा डोळा लागला. श्वास लांब चालला होता. मी खुर्चीत बसून राहिलो. खिडकीतून चौथरा दिसत होता. त्यावर पानांचा खच पडला होता, मातीतून उचलून ठेवलेल्यांपैकी एक डबा कलंडला होता. तो सरळ करून येऊ, एवढ्याच विचाराने मी उठलो. बाईला खूण केली आणि बाहेर गेलो.

डबा सरळ केला. पानं झाडली. मग माझ्या मनात आलं की रूळ उखडून पंचेचाळीस पटवाले टाकले तर याच चौथऱ्यावर बसतील का. विटांची रुंदी किती होती ते आठवेना. मी व्हरांड्यातून टेप आणली. टेपचं एक टोक विटेच्या फटीत अडकवून मी वाकून झाडाभोवती फिरू लागलो. मोजता मोजता आकडा मनात घोळवत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पाऊण तास तरी असेल.

बाईने खिडकीतून हाक मारली, तेव्हा मी झाडामागे होतो. मी टेप हातात घेऊनच धावत आत गेलो. बायकोचं तोंड खुर्चीकडे वळलेलं होतं. हाताला अजून ऊब होती. मी बाईला विचारलं की काही म्हणाली का. बाई रडत नव्हती. ती खाटेची चादर सारखी करत होती, आणि तशीच करत करत म्हणाली, मघाशी डोळे उघडले होते. आहेत का, असं विचारलं.

मी विचारलं, तू काय सांगितलंस?

“मी सांगितलं, हायत,” ती म्हणाली.